कायम आहे का?

आमच्या आणि काकूंच्या परसाच्या मधे तारेचं कुंपण आहे. वरची तार एका ठिकाणी लोंबून पार कमरेपर्यंत आलीय. ती वाऱ्यापावसानं नाही लोंबली, आमच्या दोघींच्या कोपरांनी लोंबली. पंधरा वर्षं झाली. त्या जागेवर उभं राहून आम्ही या गल्लीतली निम्मी लग्नं जमवलीत, दोन-चार मोडलीत, आणि कुणाकडं कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या त्यावरून पाहुणे किती आलेत तेही सांगितलंय. काकूंच्या बाजूला कढीपत्ता, माझ्या बाजूला शेवगा. पाला इकडून तिकडं जातो आणि त्याच्यासोबत बातमी.

तर संक्रांतीच्या आधीचा आठवडा. मी ह्यांचे शर्ट वाळत घालत होते. काकू आल्या त्या हातात कढीपत्त्याची डहाळी घेऊन. म्हणजे काहीतरी विचारायचं होतं. नुसत्या गप्पांना त्या मोकळ्या हातानं येतात.

"काय गं, तुज्या मालकानं नोकरी सोडली म्हणं?"

माझ्या तोंडात चिमटा होता म्हणून बरं. लगेच उत्तर द्यावं लागलं नाही.

तीन महिने मी ही बातमी दाबून धरली होती. कुणी विचारलं तर "डेप्युटेशनवर गेलेत" म्हणायचे. साखर कारखान्यात डेप्युटेशन असतं की नाही देव जाणे, पण शब्द वजनदार आहे, त्याच्या पुढं कुणी खणत नाही. फुटली ती पतसंस्थेमुळं. हे चार जणांना जामीन. कायम नोकरीतला माणूस आमच्याकडं गावविहिरीसारखा असतो, येईल त्यानं बादली सोडावी. डिसेंबरात पतसंस्थेनं सगळ्या जामीनदारांच्या ताज्या पगाराच्या पावत्या मागवल्या. ह्यांनी खरं ते लिहून दिलं. झालं, चारही कर्जदारांना पत्रं गेली, दुसरा जामीनदार द्या म्हणून. त्या चौघांत एक काकूंचा भाचा.

"सोडली काकू," मी म्हटलं. "ऑक्टोबरातच."

"आणि आता?"

"कंत्राटावर लागलेत. अकरा महिन्यांच्या."

काकूंनी डहाळी तारेवर ठेवली. पदर खोचला. "एकवीस वर्षांची कायम नोकरी! अगं लोकं रान विकून पैसे भरत्यात एका कायमच्या ऑर्डरीसाठी. आणि तुज्या मालकानं आपल्या हातानं दिली व्हय सोडून?"

आता 'कायम' या शब्दाचं मला काकूंनी सांगायला नको होतं. माझं लग्नच त्या शब्दावर झालं. २००६ साली हे मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला होता, "कायम आहे का?" मुलगा काय खातो-पितो, स्वभाव कसा, काही नाही. मधल्या माणसानं ठणकावून सांगितलं, कारखान्यात लॅबला आहे, कायम आहे. वडिलांनी तिथंच सुपारी फोडली. मे महिन्यात लग्न झालं. जून उजाडला तरी नवरा घरातच. मला वाटलं, नव्या नवरीसाठी रजा काढली असेल. मैत्रिणीला कौतुकानं सांगितलंही. जुलै आला, हे अजून घरातच, दुपारचे झोपायला लागले. मग एक दिवस सासूबाईंनीच सांगितलं, अगं तो हंगामी कायम आहे.

हंगामी कायम! असा शब्द फक्त साखर कारखानाच काढू जाणे. बॉयलर पेटला, गव्हाणीत मोळी पडली की यायचं, गळीत संपलं की घरी. बिनहंगामात रिटेन्शन म्हणून थोडे पैसे हातावर. पुढच्या हंगामाला बोलावतात, एवढंच काय ते कायम. माझे वडील महिनाभर आमच्याकडं जेवले नाहीत. मधल्या माणसाला त्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी कायम म्हणालो की, हंगामी तेवढं म्हणायचं राहिलं."

२०११ ला हे खरे बारमाही कायम झाले. तेव्हा मात्र वडिलांनी पेढे वाटले.

काकूंना हे सगळं पाठ आहे. म्हणूनच त्यांचं म्हणणं होतं, एवढ्या वर्षांनी हाताला लागलेलं असं सोडायचं?

"काकू," मी म्हटलं, "पगार माहितीय का कसा व्हायचा? गणपतीला एक, दिवाळीला एक, मार्चला दीड. सोडला तेव्हा नऊ महिन्यांचा थकलेला होता. पगाराच्या पावतीवर अडतीस हजार. ती पावती घेऊन किराणावाल्याकडं गेलं तर तो म्हणायचा, वहिनी, पावती नको, वहीत लिहितो."

"थकला तरी मिळतोय की कवातरी. बुडीत तर जात न्हाई."

हेच मीही ह्यांना म्हणाले होते. अगदी याच शब्दांत. खोटं कशाला सांगू, ह्यांनी नवरात्रात विषय काढला तेव्हा मी चार दिवस बोलले नव्हते. वाढायचं ताट, समोर ठेवायचं, निघून जायचं. पोरगी बारावीला, घराचे हप्ते चालू, आणि या माणसाला पंचेचाळिशीत कंत्राटाची हौस! पाचव्या दिवशी हे म्हणाले, "कायम नोकरीत पगार हंगामी आणि हंगामी नोकरीत पगार कायम, असं झालंय बघ." मला हसू आलं आणि तिथंच मी हरले.

एवढ्यात मागनं काकांचा आवाज आला. काका एसटीत हिशोब खात्याला होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण हिशोब निवृत्त झालेला नाही. परसात खुर्ची टाकून पेपर वाचत बसतात आणि आमचं सगळं ऐकतात. ऐकलं नाही असं दाखवतात एवढंच. "ग्रॅच्युइटीचं काय झालं?" ते म्हणाले. "दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, भागिले सव्वीस."

"अर्ज दिलाय काका."

"मूळ पगार अधिक महागाई किती?"

"चोवीस हजार."

काकांनी पेपरच्या कोऱ्या समासावर पेन चालवलं. "एकवीस वर्षं..."

"सगळी नाहीत काका. पहिले सात हंगाम हंगामीत. हे म्हणत होते, हंगामाला पंधरा नाही, सातच दिवस धरतात."

"कायद्यात तसंच आहे. सात सत्ते एकोणपन्नास. चौदा पंधरे दोनशे दहा. दोनशे एकोणसाठ दिवस." पेन थांबलं. "दोन लाख एकोणचाळीस हजार. वर सत्त्याहत्तर रुपये."

"सत्त्याहत्तर रुपये तरी आधी देऊ द्या म्हणावं," काकू म्हणाल्या.

खरंच. पीएफचीही तीच तऱ्हा. आपल्या पगारातून कापून घ्यायचे, पण पुढं भरलेलेच नसायचे. आमच्या पोरीनं मोबाईलवर पासबुक उघडून दाखवलं, तर चौदा महिन्यांच्या रकान्यात काहीच नाही. कापलेला पैसा गेला कुठं, हे विचारायला युनियनवाल्यांकडं गेले तर ते म्हणाले, जरा दम धरा, चेअरमनसाहेब अडचणीत आहेत. चेअरमनसाहेबांच्या अडचणीला नवी गाडी आली होती, पांढरी.

काकांनी पेपर उलटा केला. "पण आता नवे कायदे आलेत. नोव्हेंबरच्या एकवीस तारखेपासून. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या माणसाला पाच वर्षं थांबायला नको. एक वर्ष झालं की ग्रॅच्युइटी."

"एक वर्ष ना? ह्यांचा करार अकरा महिन्यांचा आहे."

काका काही बोलले नाहीत. पेपर परत वर गेला.

या अकरा महिन्यांची गोष्ट मला ह्यांनीच समजावली. पूर्वीपासून युनियनवाले दोनशे चाळीस दिवस म्हणून एक आकडा घोकतात. वर्षात तेवढे दिवस भरले की माणूस कायमपणावर हक्क सांगू शकतो. म्हणून मग ब्रेक द्यायचा, कंत्राटदार बदलायचा, अकरा महिन्यांनी नवा कागद करायचा. भाडेकरूचा करार आणि माणसाचा करार एकाच मापाचा. काकूंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमचा भाडेकरू अकरा म्हैन्यांच्या करारावर नऊ वर्सं झाली ऱ्हायलाय. हालंना." म्हटलं, तुमच्या तोंडात साखर पडो.

"पर दारूच्या कारखान्यात म्हणं?" काकूंनी आवाज खाली आणला. भाच्यानं एवढी बातमी पूर्ण दिली होती.

इथं मला कपाळाला हात लावावा लागला. नवी नोकरी पस्तीस किलोमीटरवर, एका खासगी कारखान्याच्या डिस्टिलरीत. डिस्टिलरी म्हटलं की गल्लीला एकच दिसतं. निम्म्या लोकांनी ठरवलं, ह्यांना काढून टाकलं. उरलेल्यांनी ठरवलं, ह्यांना लागली. सासरे माळकरी, एकादशी चुकवत नाहीत. त्यांना कुणीतरी देवळात सांगितलं, पोरगा दारू गाळतोय. सासरे दोन दिवस गप्प. मग ह्यांनी त्यांना बसवून सांगितलं, दादा, ते पेट्रोलमध्ये घालायचं इथेनॉल असतं, साडेनव्व्याण्णव टक्के शुद्ध, पाण्याचा टिपूस चालत नाही, तेच मी तपासतो. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के तेच असतं. सासऱ्यांनी विचार केला आणि म्हणाले, "मंजे माणसानं न्हाई, गाडीनं प्यायची." त्यावर त्यांचं समाधान झालं. देवळातही आता ते तसंच सांगतात.

काकूही हसल्या, पण सोडलं नाही. "पगार?"

"सव्वीस हजार चारशे हातात. सात तारखेला. आतापर्यंत तीनदा झाला, तिन्ही वेळा सात तारखेलाच." पहिल्या महिन्यात सात तारखेला सकाळी मोबाईल वाजला तेव्हा आम्ही दोघं चहा पीत होतो. ह्यांनी मेसेज वाचला, माझ्याकडं दिला, मी वाचला, परत दिला. मग ह्यांनी तो परत वाचला.

"म्हंजे बाराएक हजारानं कमी की गं."

"अडतीस मिळत कुठं होते काकू?"

"ते खरं हाय म्हणा."

पण सगळं गोडच आहे असं नाही, तेही मी सांगितलं. उगीच कुणाला वाटायला नको की ह्यांनी सोन्याची खाण शोधली. नोव्हेंबरात चार दिवस ताप होता, चार दिवसांचे पैसे गेले. रजा हा शब्दच नाही. ओळखपत्रावर कारखान्याचं नाव नाही, कंत्राटदाराचं. कायमवाल्यांच्या गळ्यात निळी पट्टी, ह्यांच्या गळ्यात पिवळी. कँटीनला निळ्या पट्टीला ताट दहा रुपयांना, पिवळीला चाळीस. म्हणून मी डबा देते. एकवीस वर्षं लॅबमध्ये रसाचे पोल आणि ब्रिक्स काढलेल्या माणसाला परवा एक चोवीस वर्षांचा निळ्या पट्टीचा पोरगा "ए कंत्राटी, टँकरचं सॅम्पल आण" म्हणाला. हे आणायला गेले. रात्री मला सांगितलं ते हसत सांगितलं, पण सांगितलं.

आणि वरून दिल्लीची टांगती तलवार वेगळीच. २०२३ च्या डिसेंबरात असंच झालं होतं. सात तारखेला सरकारनं हुकूम काढला, उसाच्या रसापासून इथेनॉल करायचं नाही, साखर कमी पडेल. आठवडाभरानं थोडी सूट दिली, पुढच्या ऑगस्टात बंदी उठवली. पण मधल्या काळात ज्यांची कंत्राटं संपली त्यांना कुणी विचारलं? निळ्या पट्ट्या घरी गेल्या नाहीत. पिवळ्या गेल्या.

काकू बराच वेळ तारेवरचं कढीपत्त्याचं एकेक पान काढून हातात गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचं आबा गिरणीत कायम हुतं."

काकूंचे वडील लालबागला होते. आमच्या सांगली-साताऱ्याकडचे किती तरी लोक तसेच होते. खोलीत वीस-वीस जण, खानावळीचं जेवण, गावाकडं मनिऑर्डर. आबा कायम, आणि चुलते, तात्या, बदली. बदली म्हणजे रोज गिरणीच्या दारात पास घेऊन उभं राहायचं, कुणी खाडा केला तर काम मिळायचं, नाहीतर परत. काकूंच्या घरात आबांचा मान वेगळा. सणाला पहिलं ताट आबांना, चुलत्यांना नंतर. काकूंच्या आईला ओसरीवर बसायला जागा, चुलतीला चुलीपुढं. कायमची बायको आणि बदलीची बायको.

"आणि मग आला की संप. जानेवारीचीच अठरा तारीख," काकू म्हणाल्या. १९८२ ची. दत्ता सामंतांचा. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागं घेतला असं कधी झालंच नाही. "आबा आलं गावाकडं, तात्या बी आलं. एकाच एसटीनं. तात्यांना रोज दारात हुबं ऱ्हायाची सवय, ते दुसऱ्या दिवशी मिस्त्रीच्या हाताखाली गेलं. आबा वर्सभर म्हणत ऱ्हायलं, मी कायम हाय, मला बोलवत्याल. पाटी उचलाय गेलंच न्हाईत. आईनं उचलली."

मी वाळत घातलेला शर्ट उगीचच परत झटकला.

मग काय झालं कुणास ठाऊक, मी जे कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं ते काकूंना सांगितलं. खोडरबराचं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीतली गोष्ट. गळीत जोरात. ह्यांची पाळी पहाटे चार ते बारा. घरी आल्यावर मी शर्ट भिजवायला घेतला, खिसे तपासले, तर आत खोडरबर. पोरीचं असेल म्हणून तिच्या कंपासमध्ये टाकलं. चार दिवसांनी परत एक. मग पेन्सिलचं टोक. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाच्या खिशात खोडरबर! बाहीच्या कडेला काळं, शिसाचं, घासून निघत नव्हतं. मी हसत विचारलं, शाळेत जाता की काय? हे हसले नाहीत.

मी एकदा ह्यांची लॅब बघितलेली आहे. तासातासाला रसाचं सॅम्पल येतं. त्यात शिशाची पांढरी पूड टाकायची, ढवळायचं, कागदातून गाळायचं. गाळलेलं पाण्यासारखं स्वच्छ उतरतं. ते काचेच्या लांब नळीत भरायचं, यंत्रात ठेवायचं आणि आकडा वाचायचा. तो आकडा रजिस्टरला. दिवसाअखेर त्या सगळ्यांवरून उतारा, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर. ह्यांचा हात फार चांगला होता. नळीत बुडबुडा राहिला तर परत भरायचे. घरी आमटीत मीठ कमी की जास्त हे मात्र आजवर कळलेलं नाही.

तर तिथं वरून सांगणं आलं होतं, रजिस्टर आधी पेन्सिलनं भरायचं. संध्याकाळी फोन येईल. फोनवर आकडा सांगतील. मग खोडायचं आणि पेननं लिहायचं. अकरा पूर्णांक सहा आलेला असला तर अकरा पूर्णांक चार. कधी दोन, कधी तीन दशांश. दशांश म्हणजे काय, मोहरीएवढं.

"मग त्यात काय झालं?" काकू म्हणाल्या.

मी बोलून बसले होते. आता थांबताही येईना. "उताऱ्यावर उसाचा दर ठरतो काकू."

काकांचा पेपर खाली आला.

काकांचा तीस गुंठे ऊस त्याच कारखान्याला जातो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पंधरा वर्षं मी त्या उसाच्या तोडीची रड ऐकलीय. आणि तरीही बोलले. किंवा म्हणूनच बोलले असेन.

"किती दशांश म्हणालीस?" काका म्हणाले.

"सरासरी दोन."

गेल्या हंगामाचा सरकारी दर त्यांना तोंडपाठ. सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला तीन हजार चारशे. त्याच्या वरच्या दर दशांशाला टनामागं तेहतीस रुपये वीस पैसे. समासावर पेन चाललं. "दोन दशांशाचे सहासष्ट चाळीस. आपला पंचेचाळीस टन." पेन थांबलं. "दोन हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी." मग त्यांनी खाली आणखी एक गुणाकार मांडला, लांबलचक. कारखाना दिवसाला चार हजार टन गाळतो, त्याचा. तो त्यांनी मोठ्यानं वाचला नाही. खुर्चीवरून उठले, चप्पल घातली आणि आत गेले.

काकू म्हणाल्या, "घे, कढीपत्ता घे," आणि त्याही गेल्या.

त्या रात्री मी ह्यांना सांगितलं, मी सांगून टाकलंय. वाटलं चिडतील. हे म्हणाले, "बरं झालं. मी गेलं वर्षभर त्यांच्या घरावरून जाताना गाडीचा हॉर्न वाजवत नव्हतो." मला हे लक्षातच आलं नव्हतं. काका दारात असले की ह्यांचा हॉर्न ठरलेला असायचा, दोनदा.

नव्या ठिकाणी पेन्सिल नाही. पहिल्याच दिवशी ह्यांनी विचारलं म्हणे, आधी कशानं लिहायचं? तिथल्या माणसाला प्रश्नच कळला नाही. पेननं, म्हणाला, दुसरं कशानं लिहिणार? खाडाखोड झाली तर एक रेघ मारून सही करायची, खालचा आकडा दिसला पाहिजे. टँकर बाहेर पडला की तिकडं डेपोत परत तपासतात, फरक आला तर टँकर माघारी. तिथले लोक साधुसंत आहेत म्हणून नव्हे, पुढं कुणीतरी तपासणारा आहे म्हणून. उसाचं तसं नाही. ऊस एकदा गव्हाणीत पडला की शेतकरी काय तपासणार? हे माझं मत, ह्यांचं नाही. हे अशी मतं देत नाहीत.

तीन दिवस कुंपण सुनं. काकू धुणं वाळत घालायला आल्या तरी पाठमोऱ्या. मी शेवग्याच्या शेंगा काढल्या, पिशवीत घालून तारेला टांगून ठेवल्या, संध्याकाळी बघितलं तर शेंगा नेलेल्या होत्या पण पिशवी परत नव्हती. पिशवी परत न येणं ही आमच्यात चांगली खूण समजायची. पिशवी घडी घालून आली असती तर संपलं होतं.

संक्रांतीच्या संध्याकाळी हे सुटून आले, अंघोळ केली आणि तिळगुळाचा डबा घेऊन थेट कुंपणापाशी गेले. मी मागं उभी. काका खुर्चीत होते. ह्यांनी वाकून हात पुढं केला. काकांनी वडी घेतली, हातात फिरवली, तोंडात टाकली नाही.

"गोड बोलायचं नंतर बघू," काका म्हणाले. "आधी खरा उतारा सांग."

"तारीखवार आठवत नाही काका."

"कुठं लिहिलेला नाही?"

"नाही. खोडला तो खोडला."

काका ह्यांच्याकडं बघत राहिले. मागं कुणाच्या तरी गच्चीवर पोरं ओरडत होती. मग काकांनी वडी दाताखाली धरली. कडक झाली होती, मला पाक जमत नाही, त्यामुळं बराच वेळ लागला. "साखर आयुक्ताला अर्ज लिहितोय," ते म्हणाले. "आकडे नकोत, रीत कशी ते सांग. सही माझी. उसाच्या पावत्या माझ्याकडं आहेत, गेल्या अकरा वर्षांच्या."

हे कुंपणाची तार खाली दाबून पलीकडं गेले. दोघं रात्री नऊपर्यंत बसले होते. काकूंनी चहा दिला, दोनदा. मी आपली इकडं शेंगांची आमटी हलवत होते आणि विचार करत होते, ग्रॅच्युइटीचे दोन लाख एकोणचाळीस हजार अजून त्या लोकांकडंच अडकलेत. आणि सत्त्याहत्तर रुपये.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या, हात मोकळे. तारेवर कोपर ठेवलं. भाच्याला दुसरा जामीनदार मिळाला म्हणाल्या, तलाठ्याचा मेव्हणा, तोही कायम. मग म्हणाल्या, "तुज्या मालकाचं अकरा म्हैनं संपत्यात कवा?"

"चौदा सप्टेंबरला."

"थांब," म्हणाल्या आणि आतनं नवं कॅलेंडरच घेऊन आल्या, खिळ्यावरनं काढून. पानं उलटली. "अगं, चौदाला सोमवार. गणपती बसत्यात त्या दिवशी."

"म्हणजे रविवारीच शेवटचा."

"गणपती यायच्या टायमाला माणूस घरात असंल म्हणायचं. गेल्या वर्सी आरतीला नव्हतं." काकूंनी पदराच्या गाठीतून काही काढावं तसं कानामागून पेन काढलं. काकांचंच. चौदा तारखेवर गोल करणार, तेवढ्यात मी म्हटलं, "पेननं नको काकू. करार वाढला तर?"

मी घरात गेले. पोरीच्या कंपासमधनं पेन्सिल घेतली. ती दोन्ही खोडरबरं तिथंच होती. एक जवळजवळ संपलेलं, दुसरं एका बाजूनं झिजलेलं. झिजलेलं घेऊन आले आणि पेन्सिलीसोबत काकूंच्या हातात दिलं.

"ठेवा तुमच्याकडंच," म्हटलं. "सप्टेंबरपर्यंत लागेल."

काकूंनी गोल केला, जरा वाकडाच झाला, आणि मग विचारलं, मधल्या आळीतल्या सुनेला पाचवा लागलाय म्हणतात ते खरं का.